पाठीच्या डॉक्टरीणबाई

खोसे मॅडम परंड्यात आल्या तेव्हा पहिला घोटाळा त्यांच्या बोर्डानं केला. बोर्ड रंगवणारा आमच्याच गल्लीतला. मॅडमनी त्याला कागदावर स्वच्छ अक्षरात मजकूर लिहून दिला होता: डॉ. विमल खोसे, सर्जन, मूळव्याध, चीर, भगंदर आणि गुदद्वाराचे सर्व आजार. त्यानं तो वाचला, लाजला, आणि शेवटच्या ओळीच्या जागी स्वतःच्या अकलेनं 'सर्व गुप्त विकार' असं रंगवून टाकलं. बाईमाणसाच्या दवाखान्यावर असलं काही लिहायला त्याचा ब्रश धजेना. पहिला आठवडाभर दवाखान्यात नुसती तरणी पोरं आली. जिना चढून वर जायची, खुर्चीत बाई बसलेली बघायची आणि एकमेकांना ढकलत खाली पळायची.

माझं मेडिकलचं दुकान त्याच इमारतीत तळाला. जिना माझ्या काउंटरला लागून. त्यामुळं कोण चढलं, कोण अर्ध्यातून फिरलं आणि कोण उतरताना हसलं, हे मला बसल्या जागी दिसायचं.

आठव्या दिवशी मॅडमनी पेंटरला बोलावलं आणि स्वतः शिडीखाली उभ्या राहून एकेक अक्षर सांगायला लागल्या. 'गु' पाशी येऊन तो अडला. खाली चहाच्या गाड्यावर माणसं थांबली होती.

"लिही," मॅडम म्हणाल्या. "तुला पण आहे."

त्यानं लिहिलं. पुढं घरमालकाच्या मुलीचं लग्न निघालं आणि वरात त्या बोर्डाखालून जाणार म्हणून मालक रडकुंडीला आला. त्यानं झेंडूच्या माळा अशा हिशोबानं सोडल्या की फोटोत फक्त 'सर्जन' तेवढं दिसावं. मॅडमनी लग्नात जेवताना त्याचं कौतुक केलं. इतकी नेमकी पट्टी आपल्यालासुद्धा बांधता येत नाही म्हणाल्या.

मॅडम भूम तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपवून इथं आल्या होत्या. उंच, रुंद हाडाच्या, सुती साडी आणि पायात बूट. बोलणं शिकलेलं, पण कुणी लई शहाणपणा केला की मूळची बोली वर यायची. परंडाच का निवडलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, या आजाराचा डॉक्टर इथं नाही आणि आजार भरपूर. मी म्हणालो, भरपूर कुठं, मला तर कुणी दिसत नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या दुकानापुढं मोटारसायकलवरून उतरणारी माणसं जरा बघत जा. मी बघायला लागलो. सीटवरून उतरताना जो आधी एका बाजूला कलतो, मग श्वास धरून पाय टाकतो, तो त्यांचा. बाकावर कडेला टेकून बसतो आणि आरामात बसल्याचं तोंड करतो, तोही त्यांचाच.

पेशंटला त्या चारच प्रश्न विचारायच्या. दुखतं का, रक्त पडतं का, काही बाहेर येतं का, कपडा ओला होतो का. तोवर आमच्या तालुक्यात या चारही गोष्टींना एकच नाव होतं, मूळव्याध. न दुखता लालभडक रक्त पडलं तरी मूळव्याध, काचेचा तुकडा फिरल्यासारखं दुखून वर तास दोन तास आग झाली तरी मूळव्याध, शेजारी गळू येऊन ताप भरला तरी मूळव्याध, आणि त्याच जागी बारीक भोक राहून महिनोन्‌महिने पू झिरपला तरी मूळव्याधच. मॅडम कागदावर एक वर्तुळ काढून प्रत्येकाला दाखवायच्या, की बाबा तुझी मूळव्याध नाही, तुझी चीर आहे. मूळव्याध वेगळी, चीर वेगळी, भगंदर वेगळं. माणसं ते वर्तुळ बघायची सोडून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची.

त्यातून उपचार ऐकला की त्यांची पार निराशा व्हायची. ऑपरेशन होईल म्हणून बायकोचा निरोप घेऊन आलेल्या माणसाला मॅडम सांगायच्या, दिवसाला पाणी एवढं प्या, पालेभाजी खा, इसबगोल घ्या, कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसा, कुंथू नका. वर एखादं मलम. इंजेक्शन नाही, सलाईन नाही. एक जण मला खाली येऊन म्हणाला की बाई शिकलेली दिसत नाही, टबात बस म्हणती. मोबाईल घेऊन संडासात अर्धा तास बसणाऱ्यांवर मात्र त्यांचा राग होता. एका कॉलेजच्या प्राध्यापकाला त्यांनी सांगितलं, तुमचा आजार बरा करायचा तर तुमचे सगळे ग्रुप सोडावे लागतील. त्यानं ऑपरेशनला काही पर्याय आहे का विचारावं तसं, निदान एक तरी ठेवू का, असं विचारलं.

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं.

मॅडम यायच्या आधी कितीतरी वर्षं मी हे मलम विकत होतो. गिऱ्हाईक दुकानात आलं, इकडंतिकडं बघून गप्प उभं राहिलं, की मी न बोलता ट्यूब काढून वर्तमानपत्रात गुंडाळायचो. तोंडातून शब्द काढायची वेळ मी कुणावर येऊ दिली नाही, याचा मला अभिमान होता. कदम गुरुजी असेच यायचे. मला चौथीत शिकवलेले, आता निवृत्त. गुरुजी दारात दिसले की माझी पुडी तयार. एकदा मॅडम काउंटरवर कापूस घेत होत्या आणि त्यांनी ही पुडी जाताना पाहिली. किती दिवस नेतायत, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वर्ष झालं असेल. रक्त जातं त्यांचं, मूळव्याध आहे. कुणी तपासलं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्यात काय तपासायचं, त्यांचं त्यांना कळतंय की.

गुरुजी वर यायला तयार होईनात. आपल्या शाळेतल्या पोरी डॉक्टरीणबाईंच्या वयाच्या, असलं काहीतरी कारण सांगत होते. हिशोब चुकीचा होता, मॅडम साठीला आलेल्या. शेवटी मॅडम त्यांच्या घरी चहाला गेल्या. दोन कप चहा, चिवडा आणि गुरुजींच्या नोकरीतल्या सगळ्या बदल्या ऐकून झाल्यावर त्यांनी पिशवीतून हातमोजा काढला. तपासायला दोन मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी गुरुजींना सोलापूरला पाठवलं. ती मूळव्याध नव्हती. आतड्याच्या टोकाला गाठ होती.

गुरुजी वाचले, पण पोटावर शौचाची पिशवी लागली. लवकर आले असते तर कदाचित लागली नसती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मॅडम मला रागावल्या नाहीत. फक्त एका दुपारी काउंटरशी येऊन म्हणाल्या, "वर्षभर तुम्ही कागदात काय गुंडाळत होता, कळलं का?"

मग म्हणाल्या की बहुतेकांना साधंच असतं. पण साधं आहे हे बोट घातल्याशिवाय कुणी सांगायचं? त्या दिवसापासून मी गिऱ्हाईकाला ट्यूब द्यायच्या आधी जिना दाखवायला लागलो. बरीच गिऱ्हाईकं माझ्याऐवजी कोपऱ्यावरच्या मेडिकलात जायला लागली. तिथं अजून वर्तमानपत्र होतं.

भाऊसाहेबांची गोष्ट त्यानंतरची. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. पंचायत समितीच्या निवडणुकीला उभे होते आणि प्रचार ऐन भरात असताना अचानक त्यांनी बसणं बंद केलं. सभेत उभे, जेवताना उभे, जीपमध्येसुद्धा मागं दांडी धरून उभे. जनतेला वाटलं, काय साधेपणा. एका कार्यकर्त्यानं तर भाषणात सांगितलं की जोवर तालुक्याला पाणी येत नाही तोवर भाऊ खुर्चीवर बसणार न्हायती. टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. ते तापानं फणफणले होते.

बाजारच्या दिवशी तंबू टाकून खात्रीचा इलाज करणाऱ्या एका वैदूकडं ते आधी जाऊन आले होते. त्यानं मंतरलेली पूड लावली होती. गळू दुप्पट झालं. मग भरदुपारी, दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, वैशाखात मफलर गुंडाळून भाऊसाहेब माझ्या दुकानाच्या मागच्या दारानं आले आणि जिना चढले. वर मॅडमना त्यांनी सांगितलं, पाठ दुखतीय. मॅडमनी न विचारताच ओळखलं होतं. आत पू साठलाय, चिरा देऊन बाहेर काढायला हवा, नुसत्या गोळ्यांनी जाणार नाही, असं त्यांनी समजावलं. भाऊसाहेब म्हणाले, पुरुष डॉक्टर बघतो, बार्शीला जातो. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली. गाडी निघाली, नाक्यावरच्या गतिरोधकापर्यंत गेली आणि परत आली.

पुढचं मला मॅडमच्या नर्सनं सांगितलं. टेबलावर पडल्यावर भाऊसाहेबांनी खोलीतून सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मी तरी थांबू ना? मग ते कळवळून बोलले, "बाई, हे गावात कळलं तर म्या मेलो."

"कळलं म्हणून कुणी मरत नाही. पू आत राहिला तर मरतं," मॅडम म्हणाल्या. "कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या."

भाऊसाहेब निवडून आले. आणि माणूस कृतज्ञ, नाही कसं म्हणावं? चौकात हा एवढा बॅनर लागला. वर सोनारीच्या काळभैरवनाथाचा फोटो, त्याच्याखाली भाऊसाहेब हात जोडून, आणि मजकूर असा की पाठीच्या असह्य वेदनांतून मुक्त केल्याबद्दल डॉ. विमल खोसे यांचे जाहीर आभार.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर रांग लागली. सगळे पाठीवाले. पोती उचलून पाठ भरलेले हमाल, वाकून वाकून कंबर गेलेल्या म्हाताऱ्या, ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. मॅडम वैतागल्या. बॅनर काढायला लावते म्हणाल्या. पण दोन दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की रांगेतल्या काहींची पाठ निराळी आहे. ती माणसं बाकावर बसत नव्हती. बाहेर कुणी ओळखीचं भेटलं तर बिनधास्त सांगत होती, पाठीला दाखवायला आलोय. भाऊसाहेबांनाच पाठ होती म्हटल्यावर पाठीत कमीपणा उरला नव्हता. त्यात बायकाही होत्या, बाळंतपणापासून आठ-आठ वर्षं सोसलेल्या. नवऱ्याला त्यांनी पाठ म्हणून सांगितलं आणि नवरा निमूटपणे गाडीवर घालून घेऊन आला. नर्स दारातच विचारायला लागली, वरची पाठ का खालची? वरचीवाले परत जायचे, खालचीवाले आत.

मी मॅडमना म्हणालो, बोर्डावर एकेक अक्षर तुम्ही उभं राहून लिहून घेतलं, आणि आता हे. त्या हसल्या. "म्हणू द्या पाठ. जिना चढतायत ना?"

त्याच पाठीच्या नावाखाली कांता आली. आमच्या तालुक्यातलीच, पण हंगामात ढोकीकडं ऊसतोडीला जाणारी. वय तिशीचं, पण दिसायला पन्नाशीची. जुनी चीर होती. शौचाला जायच्या भीतीनं तिनं जेवण निम्म्यावर आणलं होतं. सासू म्हणायची, रुसून खात न्हाय. मॅडमनी तिला नेहमीचं सांगितलं, पाणी भरपूर पी, लागलं की थांबवायचं नाही, लगेच जायचं. तेव्हा ती जे बोलली ते मी स्वतः ऐकलं, कारण मी तिचं मलम द्यायला वर गेलो होतो.

"पानी पिलं की जावं लागतंय, मॅडम. दिसा कुठं जाऊ? चहूकडं गडी, ट्रॅक्टर. ऊस उभा असतोय तवर आडोसा असतोय. मग तो आमीच तोडतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तिला तिच्या टोळीच्या मुकादमाचं नाव विचारलं.

मुकादम काही दिवसांनी आपसूकच आला. त्यालाही पाठ होती. त्याची खरी मूळव्याध निघाली, पहिल्या पायरीची, औषधपाण्यानं आवरणारी. त्याची चिठ्ठी घेऊन तो माझ्या काउंटरवर आला. मी वाचली. एक, इसबगोल. दोन, मलम. तीन, पत्र्याचा संडास, दोन नग, टोळीच्या कोप्या-झोपड्यांजवळ, बायकांसाठी.

तिसरं औषध आमच्याकडं मिळत नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, मग दुसऱ्या कंपनीचं द्या. मी त्याला नीट वाचून दाखवलं तेव्हा तो लाल झाला आणि तरातरा वर गेला. मॅडमनी त्याला शांतपणे समजावलं की पहिली दोन औषधं त्याच्या शरीराला, तिसरं त्याच्या टोळीला. टोळीतल्या निम्म्या बायका आजारी आहेत, उद्या कोयता टाकून बसल्या तर ऊस कोण तोडणार? आणि तो पुन्हा तपासायला येईल तेव्हा त्या पहिल्यांदा तिसऱ्या औषधाचं विचारणार. मुकादमाला पुन्हा तपासून घ्यायचंच होतं. रक्ताला तो फार भ्यायचा.

दोन झाले नाहीत, एकच झाला. तोही त्यानं आधी स्वतःसाठी म्हणून उभारला आणि त्याला कुलूप घातलं. दोन दिवसांत बायकांनी कुलूप तोडलं. कुणी तोडलं, हे त्यानं विचारलं नाही. हंगाम संपल्यावर कांता आली तेव्हा बाकावर बसून होती. मॅडमनी पाण्याचं विचारलं. तिनं सांगितलं, पिते. मॅडमनी तिला तपासलं, हात धुतले आणि नर्सला चहा सांगितला. तिघींनी मिळून घेतला. दवाखान्यात पेशंटबरोबर त्यांनी चहा घेतलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

मॅडम परंड्यात अकरा वर्षं होत्या. मग एका सकाळी खाली येऊन म्हणाल्या की दवाखाना बंद करतेय. साखरेनं बोटांची टोकं बधिर होत चालली होती. "डोळा कमी झाला तर चष्मा लावता येतो. बोटाला काही लावता येत नाही," एवढंच बोलल्या. भूमकडं भावाच्या शेतावर राहायला जाणार होत्या.

निरोपाचा सत्कार मंगल कार्यालयात झाला. अध्यक्ष अर्थातच भाऊसाहेब. हॉल खच्चून भरला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, भाऊसाहेबांनी मॅडमच्या हाताला गुण आहे असं तीन वेळा सांगितलं, हात कुठं लागला ते सांगितलं नाही. मग सूत्रसंचालकानं आवाहन केलं की मॅडमच्या उपचारानं बरं झालेल्या कुणीतरी दोन शब्द बोलावेत.

कुणी उठेना. मी मागं वळून बघितलं. जिना चढलेली निम्मीशी तोंडं मला ओळखू येत होती. कुणी पंख्याकडं बघत होतं, कुणी पत्रिका चाळत होतं. सूत्रसंचालकानं पुन्हा विनंती केली. शेजारचा एक जण मला हळूच म्हणाला, मी मेहुण्याबरोबर आलोय. मी तरी कुठं उठलो? गुरुजींचं नाव मनात येत होतं, पण माझे पाय खुर्चीखालून निघेनात.

शेवटी मॅडमच माइकपाशी गेल्या.

"बोलायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "दोन तास झाले, सगळे नीट बसलेत. मला पोचलं."

आधी हशा झाला आणि मग टाळ्या. टाळ्या बराच वेळ थांबेनात. पण बोललं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी भावाची जीप यायला अवकाश होता. अकरा वर्षांत त्यांनी परंड्याचा किल्ला पाहिला नव्हता. मला म्हणाल्या, चला, दाखवा. आम्ही हळूहळू बुरुजावर गेलो. मोठ्या तोफेजवळ त्या टेकल्या, गुडघे चोळत गावाकडं बघत राहिल्या. गावात एवढी वर्षं काढली पण चेहरे फार कमी ओळखते, असं म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

तेवढ्यात एक कुटुंब वर आलं. नवरा, बायको, दोन मुली आणि सासरे. त्या बाईनं मॅडमना बघितलं आणि थेट पुढं आली. कोण होती, मला आठवत नव्हतं. मॅडमनाही नाही.

"ओळखलं का?" तिनं विचारलं. मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा ती चांगल्या मोठ्या आवाजात, सासऱ्यांसमोर, म्हणाली, "मला गुदद्वाराला चीर होती. मूळव्याध म्हणून चार वर्षं सोसली. तुमी टबात बसायला लावलं, औषध दिलं, बरी झाले."

नवरा तोफेच्या तोंडात काहीतरी शोधायला लागला. सासरे किल्ल्याची तटबंदी बघत चार पावलं लांब गेले. मुली टक लावून आईकडं बघत होत्या.

मॅडमनी तिचा हात धरला, शेजारी तोफेच्या चौथऱ्यावर जागा करून दिली, आणि तिला तिचं नाव विचारलं.